माझ्या वहीवर खेकड्याच्या फुल्या

श्वासाचा आवाज आठवतो मला. चौथीचा वर्ग कविता म्हणायचा आणि ओळ संपली की चाळीस पोरं एकदम श्वास घ्यायची... वाऱ्यानं भाताचं शेत एकदम वाकावं तसा तो आवाज. आयुष्यभर मराठी शिकवली ती बहुतेक त्या एका श्वासासाठी.

परवा भिसेगावातल्या घरी खिडकीशी बसून मी एक पान असंच मोठ्यानं वाचलं. पान कवितेचं नव्हतं. वेबसाइट बनवणारी मंडळी वापरतात त्या एका फ्रेमवर्कचं, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्याचं, नवशिक्यांसाठीच्या धड्यांतलं. आणि ते मराठीत मी लिहिलंय! सांगताना अजून छाती फुगते... फुगू द्या.

सुरुवात सुनेमुळे झाली. केतकी घरूनच काम करते, वेब ॲप्लिकेशन बनवते. तिनं एकदा सांगितलं की तिची निम्मी अवजारं ओपन सोर्स आहेत, म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा. मला ते भारी वाटलं. पाठ्यपुस्तकात चूक सापडली तर आम्ही नुसते हळहळायचो...

तिच्या अशाच एका अवजाराच्या, म्हणजे त्या फ्रेमवर्कच्या साइटवर धड्यांच्या भाषांची यादी होती. मराठी उघडलं तर मथळे मराठी आणि खाली सगळं इंग्रजी. वर सूचना, की पुढच्या आवृत्तीच्या वेळी अर्धवट राहिलेल्या भाषा यादीतून काढल्या जातील. मला राहवेना. "मी करतो," म्हटलं. केतकी हसली. "बाबा, कविता नाहीये हो ती."

दीड महिना खपलो. आधी वहीत, मग तिच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटानं. वाक्य एका श्वासात म्हणता आलं नाही की मोडायचं, हा माझा नियम. पाठवायचं कसं ते तिनं दाखवलं आणि पहिला धडा गेला.

सकाळी पाहतो तर लाल फुली. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर मारल्या, आता माझ्या वहीवर! मराठी पानं तपासणारे स्वयंसेवक एकच, लावलेलं नाव ‘खेकडा’. त्यांनी लिहिलं होतं, "लिखाण झकास हाय गुरुजी. पण तुमी कोडचं बी मराठी केलंत! मशीनला नाय कळत ते. बटण दाबलं तर कायच होत नाय."

खरंच... उदाहरणातल्या कोडमधला प्रत्येक इंग्रजी शब्द मी निष्ठेनं मराठीत आणला होता. एकही सोडला नव्हता. केतकी खुर्चीवरून पडायची बाकी होती. "बाबा, कॉम्प्युटरलापण शाळेत घातलंत तुम्ही!"

कोड जसाच्या तसा ठेवला आणि धडे पुढे सरकू लागले. खेकडा रोज एखादी नांगी मारायचाच. "हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, कोनाच्या लग्नाची पत्रिका हाय?" मी चिडायचो, दुरुस्त करायचो आणि मनातल्या मनात कबूल करायचो की वाक्य आता बरं झालंय. बोलीवरून माणूस आमच्याकडचा वाटायचा. पण आमच्याकडची माणसं पोटासाठी कुठंकुठं जाऊन बसतात... मी त्यांना मनानं पार परदेशात बसवलं होतं.

शेवटच्या धड्यात मात्र बिनसलं. त्याच्या सुरुवातीला मी माझा स्वतःचा एक परिच्छेद घातला होता. उल्हास नदीवर उतरलेलं धुकं, त्यातून हळूहळू दिसू लागणारं गाव, तसं कोऱ्या स्क्रीनवर पान उमलतं वगैरे. चार दिवस घासूनपुसून लिहिलेला. खेकड्यानं तो अख्खा काढायला सांगितला. "सुंदर हाय. पण शिकायला आलेल्याचं आधी बटण चालू दे. धुकं मागनं बघू."

मी लॅपटॉप मिटला. उत्तरच दिलं नाही. एक दिवस, दोन, चार... बदल लेखकानं मंजूर केल्याशिवाय पान पुढे जात नाही, अशी त्या साइटची रीत. नव्या आवृत्तीच्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी मी आपला पेपर वाचत बसलेलो.

केतकी चहा ठेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या फुल्या बघून मुलं रुसून घरी बसली असती तर?"

"माझ्या फुल्या वेगळ्या होत्या."

"हो का?" एवढंच बोलली आणि कामाला लागली. ते ‘हो का’ मला फार लागलं. तरी लॅपटॉप उघडायला हात धजेना... परिच्छेद गेला तर पान माझं कसं, हेच डोक्यात.

आज तो परिच्छेद त्या पानावर नाही. मराठी मात्र यादीत आहे, पूर्ण आहे, आणि तालुक्यातलं कुठलंही पोर मोबाइलवर उघडून शिकू शकतं. खाली बारीक अक्षरात दोन नावं आहेत, त्यातलं एक माझं. आभार मानायचे तर त्या दिवशी दुपारी चार वाजता वाजलेल्या बेलचे मानायला हवेत.

दार केतकीनं उघडलं. बाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ. कंपनीचा निळा गणवेश, पाठीला सॅक, हातात हेल्मेट, चेहरा घामानं डबडबलेला.

"गुरुजी हायेत का घरात? रसायनीवरनं आलोय. पयली पाळी सुटली तशी गाडी मारली."

रसायनी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली कारखान्यांची वसाहत. मी उठून पुढे झालो. "आपण... पत्ता कुणी दिला?"

"तुमीच टाकलाय की पयल्या धड्याखाली! अर्जाला टाकतात तसा, नाव, गाव, निवृत्त शिक्षक." ते उंबऱ्याबाहेर बूट काढू लागले. "रुसायचं ते उद्या रुसा गुरुजी. आज सांजच्याला मराठी यादीतनं उडंल."

मग जरासं लाजून, हेल्मेट या हातातून त्या हातात घेत म्हणाले,

"मी खेकडा."