दमानं मिस्त्रींचा बोल्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोठ्यानं बोलल्याशिवाय काम होत नाही असं मानणारी माणसं गल्लीगल्लीत सापडतील. त्यांत एक माणूस असा होता, की त्याचं बोलणं ऐकायला गाडीखाली वाकावं लागे. गंजून अडकलेला बोल्ट न कापता काढावा तर याच मिस्त्रींनी, हे शेजारचे गॅरेजवालेही कबूल करत. गिऱ्हाइकानं घाई केली की ते "दमानं" एवढंच म्हणायचे, म्हणून सगळं उद्यमनगर त्यांना दमानं मिस्त्री म्हणे. त्यांची या नावाला हरकत नव्हती. हरकत घ्यायलाही त्यांना आठवडा लागला असता.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती आप्पांच्या फियाटमुळं. आप्पा म्हणजे माझे वडील, गुळाचे व्यापारी. डिकीत गुळाचे नमुने टाकून त्यांनी कितीतरी पावसाळे गगनबावड्याचा घाट उतरून कोकण गाठलं. तिथल्या पाण्यानं गाडी खालून खाल्ली, आणि पुढं कोडोलीच्या मळ्यात पत्र्याखाली नऊ वर्षं उभी राहिल्यावर गंजानं उरलीसुरली हौस भागवून घेतली. मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं गेल्यातच जमा झालं, पण "गाडी" हा एक शब्द ते स्वच्छ म्हणत. दिवसातून दहा वेळा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका कधीही येईल, त्यांची काही इच्छा असेल तर लवकर पुरी करा. मी शाळेची मुख्याध्यापिका. माझ्या लेखी लवकर म्हणजे आत्ता. गाडी टेम्पोत घातली आणि थेट मिस्त्रींच्या दारात उतरवली.

इंजिन आणि ब्रेक महिन्याभरात झाले. राहिला मागच्या चाकावरचा पाटा. गाडीचा भार झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या मोडल्या होत्या, त्या बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि पाटा ज्या बोल्टवर झुलतो, तो आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता.

मिस्त्री बोल्टला आधी तेल पाजायचे, मग हातोडीनं हलके ठोके मारून कान लावायचे. पाना लावला की सोडवण्याआधी तो किंचित आवळायचे. हे सगळं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. त्यातच शुक्रवारी ते नमाजाला गेलेत असं बघून मी पान्यावर लांब पाइप चढवला आणि त्याला लोंबकळले. पाना सटकला, माझी बोटं फुटली, बोल्ट होता तिथंच राहिला. परत आल्यावर मिस्त्रींनी माझी बोटं पाहिली आणि शेजारच्या घरातून हळद आणून दिली. मग म्हणाले, "रुसलेल्या माणसाला वढून उठवत्यात व्हय, ताई? आदी त्येच्या मनासारकं जरा आवळायचं, मंग सोडायचं."

दुपारी मी आप्पांना रिक्षातून गॅरेजवर आणायची. मिस्त्री त्यांना खुर्चीत बसवत आणि काम कुठवर आलं ते त्यांनाच सांगत, मला नाही. पाच वाजले की हातातला पाना खाली ठेवून रिक्षा बोलवत. आमचं जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या बोल्टपायी चार दिवस गेले. गॅसनं तापवून मेणबत्ती टेकवली, मेण वितळून फटीत शिरलं, बोल्ट फिरायलाही लागला, पण नळीसकट. बाहेर काही येईना. मी रोज म्हणायची, कापून टाका. मिस्त्री तेवढ्यापुरते ताठ होत. "चाळीस वर्सांत कापलेला न्हाय. कापाय काय, कुणालाबी येतंय की."

चौथ्या दिवशी आप्पा खुर्चीत बसले, गाडीकडं पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. आम्ही दोघंही त्या शब्दाची वाट बघत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आप्पांची मान कलली होती. मिस्त्री उठले, आत गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. मी विचारलं, काय करताय? "बोल्ट पेठंत मिळतोय," एवढंच म्हणाले आणि गाडीखाली शिरले. तासभर करवतीचा आवाज येत राहिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि बघायची माझी हिंमतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवा पाटा, नवा बोल्ट बसला. मिस्त्री चालवायला, शेजारी आप्पा, मागं मी. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला, दोघांच्या मध्ये. मिस्त्री क्लच दाबून म्हणाले, "आप्पा, दुसरा टाका." आप्पांच्या उजव्या हातानं तो झटक्यात टाकला. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो, तिसरा पडला, आणि आप्पांच्या तोंडाची हलणारी बाजू हसायला लागली. मग ते अडखळत मिस्त्रींना म्हणाले, "दमानं." मी मागं बसून रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

रोज संध्याकाळचं जेवण उरकलं की फेरी ठरलेली. ती अकरा दिवस झाली. बाराव्या दिवशी दुसरा झटका आला आणि आप्पा गेले.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले. मी म्हटलं, माझ्या घाईपायी तुम्हाला करवत घ्यावी लागली, माफ करा. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"चार दिस आदी कापला आसता, ताई, तर आप्पास्नी पंदरा दिस गाडी मिळाली आसती. माज्या हट्टानं खाल्लं की ते चार दिस."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

पुढं गुडघे थकले तेव्हा गॅरेज बंद करून ते इचलकरंजीला लेकीकडं राहायला गेले. पण तोवरच्या वर्षांत कुणी जुनी गाडी घेऊन आलं, की ते बोल्टकडं बघायच्या आधी गिऱ्हाइकाकडं बघायचे आणि विचारायचे, "गाडीत बसणार कोण हाय?" उत्तर ऐकून घ्यायचे, आणि मगच तेल घ्यायचं की करवत ते ठरवायचे.