न उतरता अर्धा तास

दिपालीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आधी घरच्या म्हशी, मग पणदऱ्याच्या वस्त्यांवरून दूध गोळा करणं, आणि उजाडायच्या आत सायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन बांधून बारामतीची वाट. तिथल्या दूध शीतकेंद्रात कॅन उतरवून घेणारा हमाल मी. दूध आणणारे सगळे पुरुष, मुलगी ही एकटीच. वडील म्हस्कू यांच्या गुडघ्यानं दगा दिल्यावर तिनं हे काम उचललं. केंद्राकडून महिन्याला पगार मिळे. चढावर ती उतरून सायकल हातात धरत नसे आणि कॅनमधलं दूध डचमळू देत नसे. हे दोन्ही एकाच वेळी जमवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शहाण्णव साली प्रजासत्ताक दिनाला बारामतीत मुलींची सायकल शर्यत झाली. दिपालीनं सकाळचं दूध पोचवलं, कॅन अडकवायची चौकट काढली आणि त्याच सायकलवर पहिली आली. बक्षीस द्यायला पुण्याहून कौसल्या मॅडम आल्या होत्या. त्या मुलींना शर्यतींसाठी तयार करत. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"शर्यत जिंकलीस, छान. पण तुझा दम किती आहे ते मला बघायचंय. तुझ्या भागात एक रस्ता शोध. सपाट, मोकळा, कुठंही थांबावं लागणार नाही असा. त्यावर अर्धा तास सायकल मारायची. अर्धा तास जेमतेम टिकेल इतका जोर, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. जास्त लावलास तर मध्येच संपशील. कमी लावलास तर मला खोटा आकडा मिळेल. मार्चच्या पहिल्या रविवारी मी येते. खरी उतरलीस तर मे महिन्याच्या शिबिरात तुला जागा."

शिबिरातूनच राज्याचा संघ निवडला जाणार होता. त्या दिवसापासून दिपालीला दुसरं काही सुचेना.

रस्ता शोधणं सोपं वाटतं. नाही. रोजची बारामतीची सडक पहिल्याच दिवशी बाद झाली. वस्तीवस्तीवर बाया तांब्या घेऊन उभ्या. "दिपे, अर्धा लिटर घाल गं, पाव्हणं आल्यात!" सायकलला कॅन नाहीत हे दिसत असूनही हाक मारायच्या, आणि हाक आली की ही थांबायची. सोमेश्वरनगरकडं कारखान्याचा हंगाम. उसाच्या बैलगाड्यांची रांग, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डांबरावर चिरडलेल्या उसाचा चिकटा. भिगवणच्या अंगाला चढउतार. उतारावर पायांना फुकटची विश्रांती मिळते, ती मोजणीत चालत नाही. इंदापूरच्या मोठ्या रस्त्यावर एसट्या.

माझं गाव लासुर्णे. गावापुढं कालव्याच्या भरावावर मुरूम दाबून केलेला रस्ता आहे. पाणी ज्या उतारानं जातं तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. वळण नाही, फाटा नाही. जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर, म्हणजे जाऊन येऊन हिशेब बरोबर. एका रविवारी मी तिला तिथं नेलं. सोबत तिची आई गोजरबाई.

दिपालीनं पायडल मारलं. अशी सायकल मी तिला कधी मारताना पाहिली नव्हती. थोड्याच अंतरावर बापूसाहेब तात्यांची वस्ती. तात्या रस्त्याकडेला लिंबाखाली बाजेवर तंबाखू मळत बसलेले. दिपाली भरधाव आली आणि त्यांच्यासमोर टुणकन खाली उतरली. सायकल हातात धरून, मान खाली घालून चालत पुढं गेली आणि मग पुन्हा बसली.

आमच्याकडं तेव्हा तशी रीत होती. वडीलधारं माणूस बसलेलं दिसलं की पोरीबाळींनी सायकलवरून उतरून जायचं. पणदऱ्यात पारासमोर ती रोज उतरे, भरलेल्या कॅनसकट. इथं कुणी सांगितलं नव्हतं, तात्यांची ओळखही नव्हती. पाय आपोआप खाली आला.

ती परतल्यावर मी तात्यांना मॅडम येणार त्या रविवारचं सांगितलं. "आगं, मी काय पोलीस हाय व्हय, मला बघून उतरलीस ती?"

"सवय हाय, तात्या."

"मग रविवारी मी घरात जाऊन बसतो."

"तुमी उठाल. पुढच्या शर्यतीत रस्त्याकडंच्या किती जणांना उठवू?"

रस्ता सापडला होता. पाय अडवत होता. परतताना गोजरबाई म्हणाल्या, "उतरायला मीच शिकवलंय. आता मोडायचं बी मीच बगते. उद्यापासनं पारासमोर उतरायचं न्हाय. मान द्यायचा तो तोंडानं दे. पाय कशाला थांबवायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली पारासमोरून सायकलवरच गेली आणि जाता जाता ओरडली, "रामराम आबा!"

पारावर हिंदुराव आबा होते. त्यांच्या जिभेला गाव भिऊन असे. ते कडाडले, "म्हस्कूची पोरगी हवेत गेली रं!"

"हवेत न्हाय आबा, बारामतीला!"

पार हसला. आबा हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी म्हशीचं दूध उतू जावं तसे बोलले, चौथ्या दिवशी थकले. आठवडा संपता संपता आधी त्यांचीच हाक येऊ लागली, "रामराम गं! पळ, दूध नासंल!" पाय सुटला.

मार्चचा पहिला रविवार. आदल्या संध्याकाळी मायलेकींनी खराट्यानं भरावावरचे बाभळीचे काटे झाडून काढले. उजाडता मॅडम आल्या आणि स्कूटरवरून तिच्या मागं निघाल्या. दिपाली न उतरता गेली, न उतरता आली. तात्यांना जाताना रामराम, येताना रामराम. अर्ध्या तासाची शिट्टी वाजली तेव्हा ती हसत थांबली आणि मॅडमनी तिथं दगडाची खूण ठेवली.

मॅडम हसल्या नाहीत. तिच्या मानेवर बोटं ठेवून त्यांनी नाडी मोजली. "दोन्ही रामराम मला मागं स्कूटरवर ऐकू आले."

"व्हय, मॅडम."

"इतक्या मोकळ्या आवाजात बोलता आलं, म्हणजे जोर हातचा राखलास. हा आकडा मी धरत नाही."

गोजरबाई पुढं झाल्या. "न बोलता गेली तर लोक काय म्हनतील, बाई?"

"लोकांना अर्ध्या तासानं भेटू दे की. पंधरा दिवसांनी पुन्हा येते. ती शेवटची संधी. दुसरी मुलगी वाट बघत बसलीय."

मी स्वतः जन्मभर कॅन उचलले. काम संपल्यावर ज्याला गप्पा सुचतात त्यानं किती उचललं हे मला न विचारता कळतं. मॅडमचं म्हणणं मला पटलं. दिपालीलाही पटलं.

पंधरा दिवसांनी तोच रस्ता, तोच वारा. या वेळी पहिल्या पायडलापासून तिचा चेहरा वेगळा होता. तात्या बाजेवरून उठून रस्त्याकडेला उभे होते. ती समोरून गेली. तोंड उघडं, पण त्यातून फक्त वारा. तात्यांनी रामराम घालायला उचललेला हात तसाच राहिला. येताना वारा तोंडावर आला. खांदे एका रेषेत, पाय सारखे, वेग तसूभर कमी नाही. डोळ्यांत पाणी, ते वाऱ्यानं कानाकडं जात होतं. तात्या उभे आहेत हे तिला दिसलंही नसावं.

शिट्टी वाजली. तिला खाली उतरता येईना. गोजरबाईंनी मागून सीट धरून सायकल उभी ठेवली. मॅडमनी नाडी मोजली, मग मागच्या वेळची खूण बघायला गेल्या. ती खूण खूप मागं राहिली होती. ते अंतर त्या स्वतः चालत आल्या.

"ही तुझी खरी चाल," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात ये. जागा तुझी."

गोजरबाईंनी मोठ्यानं हाळी दिली. लहानपणी शेरडामेंढरांमागं हिंडलेल्या बाईची हाळी ती, कालव्यापलीकडच्या उसातले बगळे उडाले. तेवढ्यात तात्या काठी टेकत पोचले. दिपाली त्यांच्या पायाशी वाकली. अजून तिला बोलता येत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे, आदी दम घे," तात्या म्हणाले. "मागच्या बारीला गप्पा मारत गेलीस. आज पळालीस!"

शिबिरात तिनं तोच अर्धा तास पुन्हा दिला आणि आणखी पुढं गेली. त्या हिवाळ्यात ती राज्याच्या संघात होती. तिथं वापरायला दिलेली सायकल शर्यत संपली की परत करावी लागे. घरी आली की पुन्हा साडेतीन वाजता धारा, पुन्हा कॅन, पुन्हा बारामती.

दोन वर्षांचा पगार असा साठत गेला. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी पुण्याहून एसटीच्या टपावर बांधून तिनं स्वतःची शर्यतीची सायकल आणली. निळी, एका हातानं उचलेल अशी. गोजरबाईंनी तिच्याभोवती फेरी मारली. कॅरियर नाही, घंटी नाही, उभी करायला स्टँडसुद्धा नाही. त्यांनी एक म्हैस पलीकडच्या खुंट्याला बांधली आणि गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवायला जागा करून दिली.