तिच्या खुर्चीच्या उंचीची गाडी

आमची अँबॅसिडर मूळची माझ्या सासऱ्यांची. उमापुरात कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरदेवासाठी ही गाडी मागायला लोक त्यांच्याकडे यायचे. ते गेल्यावर मेहुण्याने जीप घेतली आणि अँबॅसिडर गोठ्याच्या बाजूला उभी राहिली. एका दिवाळीला बायको माहेरी गेली आणि येताना स्वतः चालवत ती बीडला घेऊन आली. पुढे रोज शाळेत शिकवायला ती त्याच गाडीतून जायची. मी कोर्टात नोकरीला, माझी स्कूटर.

फोनवर ती जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायची. जमिनीलगत उतरवलेल्या, चकचकीत अलॉय व्हील लावलेल्या. "आपली बघा कशी उभी राहती," म्हणायची, "पाण्यात शिरलेल्या बाईनं लुगडं वर धरल्यावानी."

"खाली केली तर इथल्या रस्त्यांवर चालवणार कुठं?" मी विचारायचो.

"तुमी कोर्टातले. तुमाला समद्यालाच पुरावा लागतो."

मग तिची पाठ दुखायला लागली. वर्गात उभं राहून दुखत असेल असंच आम्ही धरून चाललो. संभाजीनगरच्या दवाखान्यात कळलं की आजार मणक्यात आहे आणि बराच पसरलाय. बघता बघता पाय गेले. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि घरी न्या म्हणाले. येताना चाकांची खुर्ची घेऊन आलो.

तिला आईला भेटायचं होतं. आई इतकी थकलेली की तिला बीडपर्यंत आणणं शक्य नव्हतं. मेहुणा जीप घेऊन आला. मी आणि त्याने तिला काखेत हात घालून उचललं. जीप उंच. तिचा पाय पायरीत अडकला, पदर सुटला, समोरच्या गॅलरीत बायका उभ्या होत्या.

"खाली ठेवा मला," ती म्हणाली. "पोत्यावानी उचलून आईपुढं न्यायचं न्हाई मला."

त्या दिवशी जाणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला टेप आणायला लावला. आधी खुर्चीची बैठक मोजली, मग अँबॅसिडरची. गाडीची सीट चार बोटं वर होती.

"तेवढी चार बोटं खाली करा. मधी फळी टाकायची आन् माझी मी सरकायचं." मग माझ्याकडे बघून हसली. "आता मिळाला का पुरावा?"

जालना रोडवरचा मिस्त्री घरी आला. पुढच्या स्प्रिंगचा दांडा फिरवून गाडीचं नाक खाली घेता येईल, म्हणाला, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान उतरवून आणू. "चाकं कोणची टाकायची, बाई? मोठी अलॉय आन् बारीक टायर टाका. लई भारी दिसंल." त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. तिने ते सगळे दोनदा बघितले आणि चंदेरी आऱ्यांची चाकं पसंत केली. कितीतरी वर्षांनी तिच्या मनासारखं होत होतं.

गाडी अंगणात आली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. मी तिला फळीवरून बसवलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. टायर इतके पातळ की रस्त्यातला खडासुद्धा सीटपर्यंत पोचत होता. पहिल्याच खड्ड्यात तिने दाराची कडी धरली. दुसऱ्या खड्ड्यानंतर बघितलं तर ओठ पांढरे पडले होते.

"फिरवा मागं."

घरी आल्यावर खुर्चीत बसून ती चाकांकडे बराच वेळ बघत होती. मग मिस्त्रीला बोलावून म्हणाली, "काढा ही. साधी लोखंडी डिस्क टाका, पहिल्यापेक्षा लहान. टायर जाड बघा, मऊ. हवा जरा कमीच भरा."

"बाई, मग शो जाईल."

"शो कुणाला दाखवायचाय आता?"

तरी त्या साध्या डिस्कना तिने सायीचा रंग लावून घेतला. वडिलांच्या वेळची चाकांची गोल टोपणं माळ्यावर होती, ती पलंगावर मागवली आणि मऊ फडक्याने स्वतः घासत बसली. हात दुखले की थांबायची. मी मदतीला गेलो तर हात झटकायची.

जायच्या दिवशी सुताराकडून तासून आणलेली फळी मी मध्ये टाकली. ती इंच इंच सरकत सीटवर गेली. कपाळावर घाम आला होता. "बघितलं? कुणाचा हात लागला न्हाई."

गेवराईपर्यंत रस्ता चांगला होता. उमापूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. शेजारून मेंढरं चालली होती. धनगराने वाकून खाली बघितलं. "बाईला उतरवा की, गाडी हलकी हुईल."

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने आणि त्याच्या बायकोने बांधावरचे चपटे दगड आणले, आम्ही ते चाकांपुढे रचले आणि गाडी वर चढून पार झाली. धनगरीण खिडकीशी आली. "म्हायेरी चाललाव का?"

"हाव."

"जावा मग बेगीन."

घराला पायऱ्या होत्या, म्हणून आईच बाहेर आली. मेहुण्याने आईला लेकीशेजारी, स्टिअरिंगपुढच्या सीटवर बसवलं. मी लांब लिंबाखाली उभा राहिलो. आईने लेकीचे केस सोडले, तेल लावलं, विंचरले. मध्येच बायकोचं हसू ऐकू आलं. आजार कळल्यापासून ते ऐकलं नव्हतं. निघायची वेळ झाली तरी आई उतरेना. "मला बी घिऊन चल," म्हणाली.

"फुडच्या खेपंला, आई."

पुढची खेप झाली नाही. उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

नंतर एक तरुण गाडी विकायची का म्हणून विचारायला आला. "काका, लई कडक बसलीय. कावून खाली केली हो?" मी घरात गेलो. मेहुण्याचं म्हणणं, पुन्हा वर करून घ्या, निदान वापरता तरी येईल. मिस्त्री पाने घेऊन आलाही. चाकापाशी बसला आणि पाने खाली ठेवले. "साहेब, राहू द्यायची का?"

"राहू दे."

त्यानंतर एसटीने उमापूरला गेलो. आई ओट्यावर होती. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे. "गाडी आणायची हुती, जावईबापू. बसले असते घडीभर."

पुढच्या रविवारी गाडी घेऊन गेलो. गतिरोधकावर पोट घासलं, आवाज झाला, मी थांबलो नाही. आई पुन्हा स्टिअरिंगपुढेच बसली. मी शेजारी बसायला गेलो तर तिने त्या सीटवर हात आडवा ठेवला.

मी मागचं दार उघडून मागे बसलो. गाडी चालू केली नाही. आई हळू आवाजात शेजारच्या सीटशी काहीतरी बोलत होती. मी तोंडावर रुमाल धरून रडत होतो आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.