सालगिरहीला मोहरमचा गळा

आमच्या राजेश्वर गावात उर्दू दोनच ठिकाणी मोठ्यानं ऐकू यायची, शाळेत आणि मोहरमात. शाळेतली माझ्या डोक्यावरून जायची. मोहरमातली मात्र अप्पांची होती. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं हिंडणारं, अप्पांनी शेती धरलेली. मोहरमात पिरांचे पंजे बसले की त्यांच्यापुढं मर्सिया, म्हणजे शोकाचं काव्य, म्हणायचा मान गावानं त्यांना दिला होता. एका म्हाताऱ्या फकिरानं त्यांच्याकडून ते तोंडी घोकून घेतलं होतं. अप्पांना अक्षर येत नव्हतं आणि दखनी, म्हणजे इकडची बोलीतली उर्दू, बाजारापुरती यायची. मर्सियातले जड शब्द त्यांना मुळीच कळत नसत. तरी छातीवर हात ठेवून, ओळीच्या शेवटी आवाज मोडून ते थांबले, की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. न कळणाऱ्या शब्दांनी माणसं रडतात कशी, या प्रश्नानं मला अगदी पछाडलं होतं.

एका वर्षी हैदराबादच्या हुजुरांच्या सालगिरहीला, म्हणजे निजामाच्या वाढदिवसाला, तहसीलदारसाहेब आमच्या शाळेत येणार होते. हुजुरांना उदंड आयुष्य मागणारी उर्दू कविता म्हणायला मास्तरांनी मला निवडलं, कारण माझा आवाज वेशीपर्यंत जायचा. साहेबांना आवडलं तर बीदरच्या शाळेत राहण्याजेवणासकट सोय होणार होती. नाही तर मामाबरोबर मेंढरांमागं जायचं, हे घरात ठरलेलंच होतं. मला शाळा हवी होती. मास्तर म्हणाले, "शब्द मी पाठ करून घेतो. म्हणायचं कसं ते बापाला विचार." चारचौघांत उर्दू म्हणणारा गावात दुसरा होताच कोण?

अप्पांनी बैलांना पाणी पाजता पाजता शिकवलं. "घाई करायची न्हाई. वळ संपली की दम खायचा. म्होरून कुणाचा तरी हुंदका आला की मगच फुडं."

"पर अप्पा, तुमाला त्यातलं काई कळत न्हाई. मग गळा कामून भरतोय?"

"एका कडव्यात 'पानी' येतंय, तेवढं कळतंय," ते म्हणाले. "दुष्काळात मेंढरं घिऊन चाललो व्हतो. धाकटा भाऊ खांद्यावर व्हता. पाणी पाणी म्हणत गेला. ते कडवं आलं की त्यो डोळ्याम्होरं उभा ऱ्हातोय."

मी दुसऱ्या बैलापुढं बादली सरकवली.

सालगिरहीच्या दिवशी मी छातीवर हात ठेवला आणि अशा आवाजात सुरुवात केली, की दुसऱ्याच ओळीला पहिला हुंदका आला. मग मागं बसलेल्या सगळ्याच बायका मुसमुसू लागल्या. मला वाटलं, जिंकलो. मास्तरांचा चेहरा पांढराफटक का पडलाय, ते मात्र समजेना. कविता संपली तरी कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बेटा, हुजूर अभी जिंदा हैं."

माझ्या डोळ्यांपुढं मेंढरंच आली. पण साहेबांच्या मिशा हलल्या, ते हसू लागले आणि हसता हसता त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मास्तरांना म्हणाले, "आवाज अच्छी है इसकी. बीदर भेज देव."

बीदरला मी उर्दू शिकलो, आणि मन लावून शिकलो. पुढं मोहरमाला घरी आलो तेव्हा अप्पांचा मर्सिया पहिल्यांदाच अर्थ लावत ऐकला. गंमत म्हणजे त्यातले काही शब्द शब्दच नव्हते. तोंडातोंडी झिजून नुसते आवाज उरले होते. बाकीचं सारं मला लख्ख कळत होतं.

दुसऱ्या दिवशी औतामागं चालता चालता अप्पांनीच विषय काढला. "आता तुला येतंय. त्या पाण्याच्या कडव्यात कोण बोलतंय रं?"

"एक बारकी पोरगी हाय. चुलत्याला पाणी मागायलीय."

अप्पांनी बैल थांबवले. "मग मिळालं का तिला?"

खोटं बोलावं, असं मला फार वाटलं.

"न्हाई, अप्पा."

ते कासरा ओढत म्हणाले, "व्हय. म्हंजे मी बराबरच म्हणायलो व्हतो."