पिंजऱ्यातले तीन हसरे चेहरे

घरातली बाई म्हणाली, जबडा दुखतोय, डावा हात जड झालाय, तर तुम्ही काय करता? खोटं बोलू नका. लवंग देता, तेल चोळता, नि 'गार लागलं असेल' म्हणून आपल्या कामाला लागता.

मोरोक्कोतल्या साफी शहरातही तेच. कंबर धरली, थंडीनं मारलं. पोट दुखलं, थंडीनं मारलं. लग्न मोडलं तरी खापर थंडीवरच. मिलूदाला याची चीड यायची. ती दवाखान्यात ईसीजी काढायची. अठरा वर्षं लोकांच्या छातीला वायरी चिकटवून तिला एक गोष्ट कळली होती, बायांचं हृदय कधी जबड्यात, कधी हातात दुखतं, म्हणून त्या उशिरा येतात. समजावून कुणी ऐकेना, तेव्हा तिनं फोनवर चित्रं जोडून थट्टा सुरू केली. लेकराला लाडानं 'माझ्या यकृता' म्हणणारी आई, आणि यकृत कुठं असतं विचारलं की गुडघ्यावर हात ठेवणारीही तीच. मासळी बाजारात लोक एकमेकांना फोन दाखवून हसायचे, आणि जाता जाता यकृत बरगड्यांखाली उजवीकडं असतं हे शिकून जायचे.

सगळ्यात गाजलं ते कोर्टाचं चित्र. आरोपीच्या पिंजऱ्यात थंडी. न्यायाधीश विचारतो, "चारशे बायांच्या छातीत कळ तूच आणलीस?" थंडी म्हणते, "साहेब, मी नुसती खिडकीतून आत आले होते." लाखभर लोकांनी ते पुढं पाठवलं.

मिलूदाची धाकटी बहीण रकिया मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून सार्डिनची मुंडकी उडवायची. एका मंगळवारी सकाळी फोनवर तिचा बोललेला निरोप आला. हसत होती.

"ताई, तुझी आरोपी जामिनावर सुटलीय वाटतं. मलाच गाठलं तिनं. जबडा ठणकतोय, डावा हात शिशासारखा झालाय. काढा पिते न् जाते कामाला."

मिलूदासमोर एक म्हातारा उघड्या छातीनं पडला होता. तिनं एका हातानं तीन हसरे चेहरे पाठवले.

दुपारी अडीचला रकिया कारखान्यात कोसळली. उठली नाही.

त्यानंतर मिलूदानं फोनवर काही टाकलं नाही. ती रडलीही नाही. कामावर जायची, वायरी चिकटवायची, कागद फाडून डॉक्टरांकडं द्यायची. जेवलीस का विचारलं तर आठवावं लागायचं. लोक लिहीत होते, 'लल्ला मिलूदा, अहो बाई, कुठं गायब? थंडीनं मारलं का?' एरवी तिनं त्यांची सालटी काढली असती. आता ती वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

रकिया गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, जेवणातली कुसकुसाची परात उचलली गेल्यावर ती रकियाच्या नवऱ्यापाशी बसली.

"बूशाइब, तिचा तो निरोप मला सगळ्यांना ऐकवायचाय."

बूशाइब चहा ओतत होता, तो थांबला. "माझ्या बायकोचा आवाज? बाजारातल्या बाप्यांनी ऐकायचा?"

"हो."

"ताई, ती मेली. तरी तुझी थट्टा संपत नाही?"

"थट्टा तिची नाही, माझी आहे." तिनं फोन पुढं केला.

कोर्ट तेच होतं. पिंजऱ्यात मात्र थंडी नव्हती. तिथं तीन हसरे चेहरे बसले होते.

"हे काय?"

"माझं उत्तर. तिच्या निरोपाला मी हे पाठवलं. यंत्र माझ्या शेजारी होतं, बूशाइब. तिला नुसतं 'ये' म्हणायचं होतं."

हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं किटली खाली ठेवली. ग्लासातली पुदिन्याची काडी बोटानं खाली दाबत राहिला.

"त्या सकाळी तिच्या पाठीला तेल मी चोळलं," तो म्हणाला. "मीच म्हणालो, थंडी आहे, जाईल." मग फोन तिच्याकडं परत सरकवत, "तिचं हसू कापू नकोस. आहे तसं राहू दे."

चित्र सगळ्यांना गेलं. खाली रकियाचा आवाज, जसाच्या तसा.

आठवड्याभरानं कारखान्यातली एक बाई हाताला माशांचा वास घेऊन दवाखान्यात आली. "त्या हसणाऱ्या बाईचं ऐकून आलेय," ती म्हणाली. "दोन दिवस जबडा दुखतोय. वेडी म्हणू नका."

"झोप," मिलूदा म्हणाली. वायरी चिकटवल्या. कागद बाहेर आला, तो तिनं वाचला आणि धावत डॉक्टरांना घेऊन आली. ती बाई वाचली. मिलूदाला बरं वाटलं का, असं तिच्याकडून हे ऐकताना मी विचारलं. "कळत नाही," म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुमच्याही फोनवर असा एखादा निरोप येईल. हसत आलेला असेल. तेव्हा हसरा चेहरा पाठवू नका. तिला उठवा, दवाखान्यात न्या. काढा नंतर पाजा.