आप्पांचे निळे केस

नांदेडला पंक्चरवाल्यानं ट्यूबला गरम पॅच लावला, की जळक्या रबराच्या वासानं मला तिथं उभं राहवत नाही. स्कूटी तिथंच सोडून मी रस्त्यानं येरझारा घालते.

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या पेनाच्या कारखान्यात हाच वास असायचा. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि एक लेथ मशीन. त्यावर माझे वडील, आप्पा, एबोनाइटच्या काळ्या कांड्या कातून शाईचे पेन बनवायचे. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबरच. तयार पेनानं आधी ‘शिव’ लिहायचे आणि निब केसांना पुसायचे. पुसून पुसून सगळे केस कायम निळेकाळे.

एके दुपारी लातूरचे एक व्यापारी बॉलपेनांचा खोका घेऊन आले. “आप्पा, मशीन बंद करा. तयार माल घ्या, वर तुमचं नाव छापून देतो.”

आप्पांनी त्यातला एक पेन घेतला, ‘शिव’ लिहिलं आणि सवयीनं टोक केसांना पुसलं. मग केसांतून बोटं फिरवून बघितली. कोरडी.

“लई चांगला हाय,” ते म्हणाले. “पण ह्यात मी काय करू?”



उत्तर त्या व्यापाऱ्यानं द्यायचं, असं तेव्हा वाटलं होतं. आता पंक्चर निघेपर्यंत मीच ते शोधत फिरते.

पुढं शेड बंद झालं आणि काळजीनं आप्पांचे केस एकाएकी पिकले, असं मुरुडात अजून म्हणतात. केस कधीचेच पांढरे होते. शाई तेवढी धुऊन गेली.