शेपटीवरचा नारिंगी दोरा

जाळ्यात देवमासा सापडला तर जाळं कापायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आपल्या बाजूने कापायचं, नारळ सोडायचा, हात जोडून निघायचं. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. सासरे सांगत, त्यांच्या तरुणपणी समुद्रात देवमाशांचे फवारे नेहमी दिसत. पुढे कितीतरी वर्षं एकही दिसला नाही. अलीकडे पुन्हा दिसू लागले होते.

माझा नवरा तांडेल, बोट त्याच्याच हातात. मागच्या थंडीत एका सकाळी तो अर्धंच जाळं घेऊन आला आणि तरी हसत होता.

"पिल्लू अडकलेलं. आई बाजूलाच. येवढी मोठी, पन बोटीला धक्का न्हाय लागू दिला. दिलं कापून."

"आता नवीन जाळं तुमचा देव विणणार?"

"पुन्हा यायला लागलेत गं," एवढंच म्हणाला.

उरलेलं जाळं मी सांधायला घेतलं. आमच्या आळीत प्रत्येकीचा दोरा वेगळा. माझा नारिंगी; त्या जाळ्यातले जुने सांधेही त्याचेच.

पौर्णिमा उलटून गेल्यावर एका रात्रीच्या भरतीने ते पिल्लू गावासमोरच्या वाळूत आणून टाकलं. पिल्लू म्हणायचं, पण आमच्या होडीएवढं. उजाडताच सगळे धावले. बायकांनी ओल्या चादरी टाकल्या. मी मासळीच्या बादल्यांनी पाणी आणत होते.

"सासूला कधी कळशी भरून दिली न्हाय, आन् आज बघा कशी पळते!" शेजारीण म्हणाली. बायका हसल्या. तेव्हा अजून हसू येत होतं.

वनखात्याचा साहेब आला. "ताई, डोक्यावरच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. तिथूनच श्वास घेतो तो."

तेवढ्यात त्याने श्वास सोडला. माझ्या हातावर गरम हवा आली. आयुष्य मासळीत गेलं, पण कुठल्या माशाचा श्वास कधी अंगाला लागला नव्हता.

बादली घेऊन मी मागच्या बाजूला गेले. शेपटीच्या बुडाशी जाळ्याचा पीळ बसून कातडीत रुतला होता. त्यात नारिंगी गाठी. नवरा तिथे आधीच उभा होता.

"तुझंच हाय ना?"

"व्हय."

त्याने सुरी काढली आणि गुडघ्यावर बसून एकेक दोरा बोटाने उचलून कापायला लागला.

"अरे, देवाला हात लावतोस?" एक म्हातारी ओरडली.

"तेव्हा लावला न्हाय, काकी, म्हनून तर ही दशा."



साहेब म्हणाला, दुपारच्या भरतीला ढकलू. थंडीत रात्रीचं पाणी मोठं आणि दिवसाचं लहान, त्यात उधाण ओसरत चाललेलं. हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. साहेबाला कुणी सांगितलं नाही. सांगून पाणी वाढणार नव्हतं.

दुपारी पाणी त्याच्या पोटापर्यंत आलं. पुरुष छातीने रेटत होते, आम्ही बायका मागून. पिल्लाने एकदा शेपटी उचलली. दोऱ्याविना, मोकळी. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग पाणी उतरायला लागलं. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. पुढच्या श्वासाची वाट बघत आम्ही उभे राहिलो. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबीने सुरूच्या बनाजवळ खड्डा काढला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून आलेले पर्यटक फोटो काढत होते. एका बोटीवाल्याने सांगितलं, आई अजून बाहेरच्या पाण्यात फिरतेय. नवरा जेवला नाही. मी जेवले, घरात कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

आता बोटीत लांब बांबूला बांधलेली सुरी असते, देवमाशाच्या अंगावरचं जाळं कापायला. नारळही असतो. ही थंडी सरत आली, पण सुरी कोरडीच आहे. तो घरी आला की मी विचारत नाही. फवारा दिसला असता, तर उंबऱ्याबाहेरूनच ओरडला असता.